गपमामा आणि खुटबावचा नियम

गपमामांइतका बोलका माणूस शिरूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि तरी त्यांचं नाव गपमामा होतं. मोटारसायकल उभी करून ते एखाद्याला पत्ता विचारायचे. पत्ता सापडायच्या आधी त्या माणसाच्या बायकोचं माहेर, त्याच्या गाईचं दूध आणि त्याच्या गाडीचं ॲव्हरेज एवढं सगळं मामांना कळलेलं असायचं. जेवताना बोलायचे, चूळ भरता भरता बोलायचे, हेल्मेट घातल्यावर आतूनही बोलत राहायचे. पण गाडीला केबल जोडली आणि हातातल्या ट्यूनरच्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली, की हा माणूस एकदम बंद व्हायचा. स्वतः तर बंद व्हायचाच, भोवतीच्या सगळ्यांनाही बंद करायचा. "गप," एवढंच म्हणायचे, तेही अगदी हळू. पट्टी टोकाला पोचली की छातीभर श्वास घेऊन म्हणायचे, "हां, बोला आता."

मामा केंदूरचे. हल्लीच्या गाड्यांच्या इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो, गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, हे तो ठरवतो. मामांचा धंदा त्या कॉम्प्युटरातलं लिखाण बदलून द्यायचा. कुणाची पिकअप चढाला दम टाकते, कुणाची रिकामी असतानाही डिझेल पिते, असे लोक त्यांना बोलवायचे. टिफिनच्या पिशवीत ते लिखाण वाचायचं-लिहायचं यंत्र, म्हणजे ट्यूनर, खांद्यावर बॅटरीचा चार्जर, डोळ्यांवर गॉगल आणि मिशीला ताजा कलप, अशी स्वारी दारात यायची.

ह्या मामांची एक गोष्ट मी आमच्या दौंड तालुक्यात वर्षानुवर्षं सांगत आलो. लग्नात सांगितली, साखरपुड्यात सांगितली, कारखान्याच्या सभेनंतर चहा पिताना सांगितली. लोक पोट धरून हसले. ती गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी सांगायला मला फार उशीर झाला आणि त्या उशिराचा त्रास मामांबरोबर त्यांच्या मुलीलाही झाला. आता माझं वय झालं आहे. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ती अर्धी गोष्ट ऐकली, त्यांच्यापर्यंत पुरी पोचावी म्हणून हे लिहितो आहे.

मामांचं काम बघणं म्हणजे एखादं कार्य बघण्यासारखं होतं. आल्या आल्या ते घरातून परात मागवायचे. सगळ्यांनी आपापले मोबाईल त्या परातीत ठेवायचे. मग गाडीभोवती एक फेरी. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन काढायचे, मीटर लावायचे, चार्जर जोडायचे. पंखा बंद, दिवे बंद, टेपचा प्लग काढलेला. आमच्या विलासनं, म्हणजे माझ्या मुलानं, पिकअपला पुढून मागून रंगीत दिवे लावले होते. ते बघून मामा म्हणाले, "ही दिवाळी आधी उतरव बाबा. बॅटरी एक आन् खाणारी तोंडं धा." लिहिणं चालू असताना बॅटरी पडली तर अर्धवट लिहिलेला कॉम्प्युटर कुठलाच राहत नाही. ना जुना, ना नवा. हे ते प्रत्येक घरी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, आमच्या बोलण्यानं तुमचं मिशीन बिघडतं का?"

"मिशीनचं काय बिघडत न्हाई, आप्पा. पण गप बसलेला माणूस हातबी गप ठेवतो. बोलणारा माणूस बोलता बोलता दार उघडतो, हॉर्नवर टेकतो, केबलीत पाय घालतो. मी तोंडं बांधत न्हाई, हात बांधतो."

त्यांच्याकडं नियम पुष्कळ होते आणि प्रत्येक नियमाला गावाचं नाव होतं. पाबळला चार्जर लावलेला असताना वीज गेली होती, म्हणून काम सुरू करायच्या आधी वीज कधी जाणार हे वायरमनला विचारून घ्यायचं, हा पाबळचा नियम. मुखईला एका आजीनं नातवाचा डबा ठेवायला मधेच गाडीचं दार उघडलं होतं, तो मुखईचा नियम. मी म्हटलं, "आजीचं नाव द्या की त्याला." मामांनी कानाला हात लावले. "माणसाचं नाव नियमाला देऊ न्हाई. त्या माणसाला मरस्तोवर खाली बघून चालावं लागतं. गावाला काय व्हतंय? गाव मोठं असतं."

सगळ्यात पहिला नियम मात्र कुठल्या गावाचा नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. गाडीत काहीही नवं घालायच्या आधी कंपनीचं मूळ लिखाण जसंच्या तसं वाचून बाजूला जपून ठेवायचं. त्याला ते माहेर म्हणायचे. "आधी माहेर वाचून घेतो," म्हणत ते केबल लावायचे आणि घरातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. कुणी घाई केली तर म्हणायचे, "माहेर सांभाळल्याबिगर मी पोरीला सासरी धाडत न्हाई. उद्या न्हाई पटलं तर परत कुठं आणायची तिला?" आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यायची असली तर आधी त्यांना फोन करायचा, अशी ताकीद असायची. "तिथली पोरं आपली नवी फाईल बसवत्यात आन् माझं काम पुसून टाकत्यात. जायच्या आधी तिला माहेरी आणू, मग खुशाल जा."

गुणाचा होता तसा हा माणूस हट्टाचाही होता. गाडी काय वाहते हे ऐकल्याशिवाय ते ट्यूनर पिशवीबाहेर काढायचे नाहीत. फुलं वाहणाऱ्या गाडीला वेगळं, उसाला वेगळं. एकदा कुणा तरुणानं सांगितलं की त्याच्या गाडीनं मागं काळा धूर सोडला पाहिजे, म्हणजे रुबाब दिसतो. मामा त्याला म्हणाले, "धूर पायजे? मग चुलीत ओली लाकडं घाल आन् बस पुढं." आणि खरंच तिथून उठून आले. पुढं महिनाभर तो किस्सा जिथं जातील तिथं सांगत होते, आणि दर वेळी त्यातला तरुण आणखी उंच आणि आणखी दांडगा होत होता. गोष्ट वाढवून सांगायची खोड आम्हा दोघांची. म्हणूनच आमचं जमलं असावं.

आमच्याकडं खुटबावला ते यायचे त्याला आणखी एक कारण होतं, आमच्या हिच्या मासवड्या. पहिली मासवडी खाल्ली की मामा डोळे मिटून घ्यायचे. "वहिनी, ह्याच्यात कायबी बदल करू नका. ही कंपनी सेटिंग हाय." ही एरवी कुणाच्या कौतुकाला भुलणारी नाही, पण मामा येणार म्हटलं की सकाळीच तीळ भाजायला घ्यायची.

आता त्या दिवसाबद्दल.

आमची पिकअप तशी जुनी नव्हती, पण भरलेली असली की न्हावऱ्याच्या बाजूला चढाला रडायची. विलासनं मामांना बोलावलं. मी कॅलेंडर काढून बसलो. गाडीचा मेंदू बदलणार म्हणजे गाडी नवीच झाली, आणि नव्या गाडीची पूजा करायला नको का? चांगली वेळ बघितली. हार आणला, नारळ आणला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. नव्या गाडीचं चाक पहिल्यांदा लिंबावरून गेलं पाहिजे, ही आपल्याकडची रीत. भावकीतली माणसं जमली. ही म्हणाली, "दुरुस्तीला एवढा थाट कशाला?" मी तिला गप्प केलं. शेतात कोथिंबीर काढून जुड्या बांधून ठेवल्या होत्या. संध्याकाळी त्या घेऊन हीच गाडी पुण्याच्या बाजारात जायची होती.

मामांनी पूजेला हरकत घेतली नाही. "लिंबू ठेवा, नारळ फोडा, हार घाला. फुलांचा काय भार बॅटरीवर पडत न्हाई." मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं. विहिरीवरची मोटार ऑटोवर आहे का, विचारलं. ऑटोवर असली तर वीज आल्या आल्या मोटार आपोआप चालू होते आणि घरातली वीज मंदावते. विलास पळत जाऊन ती बंद करून आला. परातीत मोबाईल पडले. माहेर वाचून झालं. इंजिन बंद, पण किल्ली अर्धी फिरवून ठेवलेली. लिहिताना ती तशीच राहायला लागते.

एरवी किल्लीसमोरच्या सीटवर मामा स्वतः बसायचे. पण मी फेटा बांधून तयार होतो. म्हटलं, "मुहूर्ताला यजमान गाडीत पायजे, मामा."

मामांनी मिशीवरून बोट फिरवलं. मी वयानं मोठा, घर माझं, चारचौघं बघत होती. "बसा," ते म्हणाले. "पण हात मांडीवर."

मी बसलो. मामा खाली उतरून खिडकीशी उभे राहिले, हातात ट्यूनर. बटण दाबलं आणि म्हणाले, "गप." सगळं अंगण गप्प झालं. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा.

पट्टी निघाली, पण मुंगीच्या चालीनं. माझी नजर मनगटावरच्या घड्याळावर. मुहूर्त सरत चालला. माझ्या डोक्यात असं बसलेलं, की मुहूर्त टळायच्या आत चाक लिंबावरून गेलं पाहिजे. मामांना विचारावं तर त्यांनीच गप म्हटलेलं. मी खाकरलो. त्यांनी डोळे वटारले. मी लांबूनच हातानं किल्ली फिरवल्याची खूण केली आणि भुवया वर करून विचारलं, फिरवू? मामांनी मान हलवली. ती मान उभी हलली का आडवी, ह्यावरून मी आणि ही पुढं कित्येक वर्षं भांडलो. आडवी होती. मला तेव्हाही दिसली होती. पण मुहूर्ताची घाई झालेल्या माणसाला आपल्या सोयीचं तेवढंच कळतं.

मी किल्ली फिरवली.

स्टार्टरनं एकदा खर्र केलं. पडद्यावरची पट्टी गेली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि मग सगळे विझले. गाडी मेली. खाली लिंबू शाबूत होतं.

मामांनी ट्यूनरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्या सगळ्या माणसांकडं वळून म्हणाले, "माझं चुकलं."

मी काही बोलणार होतो. त्यांनी हात वर केला. "मीच सगळ्यांना गप केलं. पण काय विचारायचं असलं तर विचारा, असं सांगितलं न्हाई. आप्पा बिचारे विचारायचं म्हणून खाकरले, मी डोळे वटारले. आन् त्या सीटवर मी बसायला पायजे व्हतं. चूक माझी."

त्या वेळी मला बरं वाटलं. खरं तेच सांगतो. चारचौघांत फेटा बांधून बसलो होतो आणि कुणीतरी माझ्यावरचं ओझं उचलून नेलं होतं.

पुढं मामांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. पहिला फोन गाडीसाठी नाही, कोथिंबिरीसाठी. केडगावच्या एका ओळखीच्या पिकअपवाल्याला त्यांनी असं गोड बोलून बोलावलं, की तो जणू आमच्याच घरचा जावई. अंधार पडायच्या आत कोथिंबीर रस्त्याला लागली. मग पान्हे काढून त्यांनी गाडीचा ईसीएम खोलला, हिच्याकडून मऊ टॉवेल मागून त्यात गुंडाळला, जॅकेटच्या आत पोटाशी धरला आणि मोटारसायकलला किक मारली. पुण्यात त्यांचा एक मित्र होता. असा मेलेला कॉम्प्युटर टेबलावर घेऊन तो जागा करायचा. दुसऱ्या दिवशी मामा परत आले ते अंगणाच्या बाहेरूनच बोलत. "वहिनी, पोरगी माहेरी जाऊन बरी व्हऊन आली." वाचून ठेवलेलं मूळ लिखाण होतं म्हणून ती उठली, नाहीतर नवा कॉम्प्युटर घालावा लागला असता. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. ह्या वेळी सीटवर ते, आणि मी लांब कडुलिंबाच्या झाडाखाली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. चाकाखालचं लिंबू एव्हाना जरा सुकलं होतं, तेही चिरडलं. आणि ती पिकअप नंतर न्हावऱ्याचा चढ गाणं म्हणत चढायची.

पण गोष्ट म्हणून मी काय सांगायला लागलो? फेटा होता, हार होता, परात होती, म्हशी गप्प झाल्या होत्या. किल्ली नव्हती. माझ्या गोष्टीत मामा सगळ्यांना गप करतात, पट्टी सरकत जाते, आणि अर्ध्यात आपोआप सगळं बंद पडतं. शेवटी मी थोडा थांबायचो आणि म्हणायचो, "मामांनी माणसं गप केली, म्हशी गप केल्या, आन् सगळ्यात शेवटी गाडीबी गप केली." हशा पिकायचा. पुण्याला जाऊन गाडी वाचवल्याचं मी सांगायचोच नाही, कारण त्यानं हशा मोडायचा.

आमची ही शेजारी बसलेली असायची. हसणं ओसरलं की हळूच म्हणायची, "किल्ली राहिली." लोकांना वाटायचं ती घराच्या कुलपाबद्दल बोलते आहे.

एका लग्नात केडगावला मामा स्वतः पंगतीत होते. मला ते दिसले नव्हते. गोष्ट रंगात आली आणि मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. बघतो तर मामा. ते पुढं आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हशींची नक्कल करून दाखवली. मी तर कधी तेवढं हसवलं नव्हतं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गोष्ट झकास सांगता, आप्पा. लिंबू जरा मोठं केलंत."

एवढंच. किल्लीचं नाव काढलं नाही.

त्यानंतर मामांची मोटारसायकल भीमेच्या अलीकडं, आमच्या तालुक्यात, क्वचितच दिसायला लागली. मी स्वतःला सांगायचो, शिरूरकडं काम वाढलं असेल. कुणी विचारलं की गपमामा कसा माणूस आहे, तर लोक आधी हसायचे आणि मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगायचे. गावाचं नाव देऊन माणूस झाकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी सगळ्या तालुक्यात हसण्यावारी नेलं होतं.

मागच्या वर्षी मामा गेले. सकाळी चहा पीत, कुणाशी तरी फोनवर बोलत असताना गेले. पलीकडच्या माणसाला वाटलं रेंज गेली. दशक्रियेला मी आणि ही केंदूरला गेलो. माइकवरून पुढाऱ्यांची भाषणं झाली, सगळे म्हणाले की मामा मितभाषी होते. नावावरून समजले असावेत. मागं बसलेली केंदूरची माणसं एकमेकांकडं बघून कसंबसं हसू दाबत होती.

भाषणं संपल्यावर मामांची मुलगी अश्विनी आमच्यापाशी येऊन बसली. मामांच्या शेवटच्या वर्षांपासून ट्यूनर तीच चालवते. बोलणं वडिलांचंच, नाकही तेच. हिनं विचारलं, "काम कसं चाललंय बाई?"

"शिरूरला चांगलं हाय, काकू. तुमच्याकडं जमंना. मागं खुटबावला एका तात्यांकडं गेले व्हते. त्यांच्या लई पिकअप हायेत. नाव इचारलं, म्हणाले, गपमामाची पोरगी का? आन् हसायलाच लागले. म्हणाले, नको बाई, आमची गाडी बोलती हाय तीच बरी."

तात्या म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेजारी. पहिल्या वेळी ते अंगणात नव्हते, पण माझी गोष्ट त्यांना पाठ आहे.

अश्विनी पुढं म्हणाली, "गंमत म्हंजी बाबांचा सगळ्यात लाडका नियम खुटबावचाच. किल्लीपाशी काम करणारानंच बसायचं, आन् कुणाला काय शंका आली तर गप बसायचं न्हाई, बोलायचं. मी इचारायचे, तिथं काय झालं व्हतं? तर म्हणायचे, माझीच चूक झाली व्हती."

मी खाली बघत राहिलो. गाडीत बसल्यावर ही म्हणाली, "आता तरी बोला."

नशिबानं विलासनं नुकतीच नवी पिकअप घेतली होती. मी त्याला म्हटलं, नव्या गाडीचं काम अश्विनीकडून करून घ्यायचं. आणि भावकीला, शेजाऱ्यांना, पहिल्या वेळी जे जे अंगणात होते त्या सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगून आलो. तात्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "परत गपमामा? मी तर मोबाईलमधी व्हिडिओच काढतो." मी म्हटलं, "मोबाईल परातीत ठेवावा लागंल."

अश्विनी आली. टिफिनची पिशवी तीच. परात मागवली, बॅटरीला मीटर लावलं, माहेर वाचून घेतलं. विलासनं ह्याही गाडीला रंगीत दिवे लावले होते, ते बघून तिनं वडिलांसारखीच मान हलवली. हार होता, नारळ होता, चाकाखाली लिंबू होतं. सगळं झाल्यावर ती सीटवर बसली आणि खिडकीतून म्हणाली, "खुटबावचा नियम सांगते. किल्लीपाशी मी. काय इचारायचं असलं तर बोला. बाकी समदे गप."

मी झाडाखालच्या खाटेवर बसलो होतो, हात मांडीवर. पट्टी मला दिसत नव्हती. तिचं तोंड दिसत होतं, त्यावरून कळत होतं की पट्टी चालली आहे. तात्या गप्प बसून बसून लाल झाले होते.

मग तिनं छातीभर श्वास घेतला. "हां, बोला आता."

सगळे एकदम बोलायला लागायच्या आत मी उठलो.

"किल्ली मी फिरवली व्हती," मी म्हणालो.

"कंची किल्ली?" तात्या म्हणाले.

मग मी सांगितलं. फेट्यापासून टॉवेलापर्यंत, सगळं. खाकरलो ते, मामांची मान आडवी हलली ते, लिंबू शाबूत राहिलं ते, आणि चूक माझी असं ते का म्हणाले ते. संपलं तेव्हा अंगण पहिल्या वेळेसारखंच गप्प होतं.

अश्विनी गाडीतून उतरून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं ती पिशवी उचलून निघून जाईल, आणि गेली असती तर तिला थांबवायचा मला काही हक्क नव्हता. तिच्या ओठाचं एक टोक हललं.

"आप्पा," ती म्हणाली, "म्हंजी गप म्हटल्यालं ऐकणारा बाबांना आख्ख्या जन्मात एकच माणूस भेटला, आन् त्यानंच गाडी मारली?"

आणि ती हसली. बापासारखीच, मान मागं टाकून. त्यावर ही हसली, विलास हसला, आणि सगळं अंगण सुटलं.

तात्या डोळे पुसत म्हणाले, "म्हंजी इतकी वरसं आम्ही अर्ध्या गोष्टीवरच हसत व्हतो?"

"पुरीला जास्त हसू येतं," ही म्हणाली. "ह्यांना कवापासनं सांगतीय."

तात्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग अश्विनीला म्हणाले, "पोरी, मी त्या दिवशी तुला दारातनं परत लावली. डोक्यात ठिवू नको. उद्या ये, एक गाडी हाय घरी. परात मोठी लागंल, आमच्याकडं माणसं लई बोलत्यात."

"मोठी परात मी आणीन," अश्विनी म्हणाली.

आता तात्या ती गोष्ट सांगत फिरतात. पुरी सांगतात, आणि त्यांच्या गोष्टीतला माझा फेटा दर वेळी आणखी मोठा होतो. होऊ दे. पण माझी अर्धी गोष्ट पाटस-दौंडच्याही पुढं गेलेली आहे, तिथपर्यंत तात्या पोचणार नाहीत. म्हणून हा कागद.

अश्विनी आली त्या दिवशी लिंबू चाकाखाली तसंच राहिलं होतं. चहा झाल्यावर अश्विनीनंच गाडीचं दार उघडून धरलं. "या आप्पा, यजमान सीटवर पायजे." मी फेटा बांधला नव्हता, तो हिनं आतून आणला. बसलो. मुहूर्त कधीच टळून गेला होता. किल्लीवर हात ठेवला, थांबलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "फिरवू का?"

अश्विनीनं मान हलवली. उभी.